खुर्चीवर कोणी बसायचं नाही

४ फेब्रुवारी

नाना परत बसले! माझ्या खुर्चीवर! पेपर वाचत, पाय पसरून, हातात चहाचा कप. मी दारातूनच किंचाळले. नाना उठले. म्हणाले, "अगं, खुर्ची आहे ती, देव्हारा नाही."

सासऱ्यांना काय बोलणार? जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. त्यांना लाकूड म्हणजे लाकूड.

पण ही साधी खुर्ची नाही. साठ वर्षांपूर्वीची, मूळ कारखान्यातली, बैठकीखाली शिक्का असलेली. जगभर हिच्या नकला झाल्यात, अस्सल मोजक्याच. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते, तिथल्या मोठ्या बाईंनीच हे वेड लावलं. "सोनं सगळेच घेतात, तू खुर्ची घे." नऊ वर्षांपूर्वी बांगड्या मोडून घेतली. आई महिनाभर बोलली नव्हती माझ्याशी!

नवरा पाहुण्यांना सांगतो, आमच्याकडे सगळ्यात आरामात कोण राहतं, तर खुर्ची. हसा, हसा.

६ फेब्रुवारी

आज गॅस चालू राहिला. ज्योत नाही, नुसता गॅस. मी लवकर आले म्हणून बरं, नाहीतर... लिहवत नाही.

महिन्याभरातली ही दुसरी वेळ. नाना म्हणाले, "मी बंद केला होता." मग हळूच, "केला होता ना?"

त्यांचे हातही थरथरतात आताशा. सदऱ्याचं बटण लावायला दहा मिनिटं लागतात. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. किती दिवस असं चालायचं?

७ फेब्रुवारी

ठरलं. टेकडीपलीकडच्या त्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी होतेय. स्वच्छ आहे, नर्स आहे, बाग आहे. अनामत रक्कम पंचवीस तारखेच्या आत भरायची. एवढी रक्कम आमच्याकडे एकाच वस्तूत अडकलीय, आणि ती दिवाणखान्यात उभी आहे.

नवऱ्याला म्हटलं, नानांना तू सांग. तो म्हणाला, तू सांग. मी म्हटलं, वडील तुझे. तो म्हणाला, "म्हणूनच." हे सगळं बाथरूममध्ये, नळ सोडून! चोरांसारखं. स्वतःच्या घरात! बाहेर आलो तर नाना दाराशीच, खांद्यावर टॉवेल.

१० फेब्रुवारी

जुन्या फर्निचरचा व्यापारी येऊन गेला. खुर्ची उलटी केली, टॉर्च मारला, वास घेतला. वास! मग म्हणाला, "मूळ पॉलिश आहे, ताई. तुम्ही हात लावला नाहीत, हीच हिची खरी किंमत." गिऱ्हाईक तयार आहे त्याच्याकडे. शनिवारी न्यायला येतो म्हणाला. जाताना दुकानाचं कार्ड टीपॉयवर ठेवून गेला.

नानांनी विचारलं, कोण आलं होतं गं? मी म्हटलं, ऑफिसचा माणूस. त्यांनी मान हलवली.

खोटं बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही. याचंच वाईट वाटतंय.

१२ फेब्रुवारी

नाना आज स्वतःहून म्हणाले, "तू जा निवांत कामाला. मी गॅसला हात लावणार नाही." आवाजात कसलातरी उत्साह होता.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

संपलं. सगळं संपलं!

संध्याकाळी दार उघडलं तर घरभर पॉलिशचा वास. जमिनीवर वर्तमानपत्रं, त्यावर लाकडाचा भुगा, वापरलेल्या पॉलिश पेपरचे तुकडे. आणि मधोमध खुर्ची. चकचकीत! आरशासारखी! साठ वर्षांचा रंग घासून काढलेला, बैठकीखालचा शिक्कासुद्धा! सांधे उकलून पुन्हा चिकटवलेले. नाना बाजूला उभे, बाह्या वर, नखांत लाख.

"बघ कशी नवीकोरी करून दिली तुला!"

मी काय बोलले ते इथे लिहायला हवं, म्हणजे विसरणार नाही. मी म्हटलं, "आयुष्यभर लाकूड तासलंत, आणि एवढी अक्कल नाही? कोणी सांगितला होता उद्योग? तुमच्यामुळे या घरात एक गोष्ट धड राहत नाही!"

नानांनी वर्तमानपत्रं गोळा केली, घडी घातली. हात धुवायला गेले.

१४ फेब्रुवारी

व्यापाऱ्याने फक्त दारातून बघितलं आणि डोळे मिटले. आत आलाच नाही. निम्म्यालाही जाणार नाही म्हणाला.

काम मात्र अप्रतिम आहे. मी रागात असूनही हात फिरवून पाहिला. एक चरा नाही, एक थेंब ओघळलेला नाही. थरथरत्या हातांनी असं होतं का? बटण लागत नाही यांना!

१६ फेब्रुवारी

नवरा सकाळपासून गुणगुणतोय. मी विचारलं, कसला आनंद झालाय? म्हणाला, "कुठे काय." लबाड! अनामत भरायला पैसे नाहीत, म्हणजे याला वडिलांना सांगायला नको. सुंठीवाचून खोकला गेला याचा. आणि माझा जीव? ऑफिसात दर तासाला घरी फोन करते. नानांनी उचलायला उशीर केला की मी पर्स उचलून जिन्यात.

१९ फेब्रुवारी

नानांची माफी मागितली. जेवताना, पटकन, ताटाकडे बघत. ते म्हणाले, "चूक माझीच. म्हातारपणी अक्कल गहाण पडते." आणि भात वाढून घेतला. फार दिवसांनी दुसऱ्यांदा.

२३ फेब्रुवारी

शेवटचा उपाय म्हणून आज व्यापाऱ्याला फोन केला. म्हटलं, येईल त्या किमतीत घ्या, परवापर्यंत पैसे हवेत.

तो म्हणाला, "घेतो, पण ताई, राग मानू नका. तुमचे सासरे अकरा तारखेला माझ्या दुकानात आले होते. रिक्षा करून, एकटे. विचारत होते, खुर्ची पॉलिश केली तर काय होईल? मी हात जोडले. म्हटलं, काका, चुकूनही करू नका, मातीमोल होईल. तर त्यांनी मला दोनदा विचारलं, 'नक्की होईल ना?'"