आमच्या कंपनीच्या मार्क्याची हकीगत, अक्कास कळावी म्हणून

॥ श्री ॥

मुक्काम देवास, थोरली पाती
आश्विन शुद्ध द्वादशी, शके १८४४

तीर्थस्वरूप सौ. अक्काच्या पायांशी धाकटा भाऊ नीलकंठ याचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व कुशल आहे; जे कुशल नाही ते पुढे सविस्तर लिहिलंच आहे. तुझी गुडघेदुखी कशी आहे? मागे पाठवलेलं तेल रोज चोळतेस, की दाराच्या बिजागरीला घालून संपवलंस? (दार करकरायचं थांबलं असेल तर मला उत्तर मिळालं.) श्रीपादरावांना माझे नमस्कार सांग. त्यांचा खोकला, त्यांची कचेरी आणि सिनेमाबद्दलचं त्यांचं मत, तिन्ही जिथल्या तिथे असतील असं धरून चालतो.

मागल्या पत्रात तू विचारलंस की, अरे, तुमच्या प्रत्येक खेळाच्या आधी पडद्यावर मीच का ताट घेऊन उभी असते? जगात दुसरं काही दाखवण्यासारखं नव्हतं का? अक्का, होतं. पण ते एकेक करून हातचं गेलं. ती हकीगत आज लिहितो.

आमचे मालक गणोजीराव तुला ठाऊक आहेत. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा, आणि मन दोन्हींपेक्षा मोठं. मुंबईहून कॅमेरा आणताना तिथे त्यांनी परदेशी खेळ पाहिले, आणि त्यातली गोष्ट सोडून त्यांच्या डोक्यात काय राहिलं, तर सुरुवातीचा मार्का. कुणाचा कोंबडा, कुणाचा घोडा. गाडीतून उतरताच मला म्हणाले, "नीलकंठराव, गोष्ट मागाहून काढू. आधी मार्का काढा. लोकांनी मार्का बघितल्याबरोबर म्हणायला पाहिजे, आली नवमाळव फिल्म कंपनी!" तेव्हा कंपनीत ते, मी आणि कॅमेरा एवढेच होतो. कॅमेऱ्याचं हँडल फिरवायचं काम माझं.

पहिला विचार आपल्या टेकडीचा. देवीची टेकडी, मागून उगवता सूर्य. आता तुला माहेरचं सांगायला नको, पण सासरी धारेत राहून विसरली असशील म्हणून सांगतो, की देवास गाव एक आणि राज्यं दोन. रस्त्याची ही बाजू थोरल्या पातीची, ती बाजू धाकट्या पातीची. मी कॅमेरा आपल्या बाजूला मांडला, तर समोरची मंडळी जमून म्हणू लागली, टेकडी काय एकट्या थोरल्यांची आहे? म्हणून कॅमेरा उचलून मधोमध रस्त्यावर आणला. पण कॅमेऱ्याच्या घोडीला पाय तीन, अक्का! दोन पाय इकडे आणि एक तिकडे. ते फिरवून एक इकडे, दोन तिकडे केले, तर आपल्या गल्लीतले वकील खवळले. शेवटी तोड अशी निघाली की घोडीचे दोन पाय थोरल्या पातीत, एक धाकट्या पातीत, आणि बरोबरी साधायला मी स्वतः धाकट्या पातीत उभं राहावं. (माझी किंमत घोडीच्या एका पायाइतकी आहे हे त्या दिवशी दोन्ही राज्यांनी एकमताने ठरवलं.) इतकं होईपर्यंत सूर्य चांगला वर आला होता, आणि तोही नेमका डोळ्यांसमोर. फिल्म धुतली तेव्हा त्यात पालथी घातलेली काळी कढई दिसत होती. गणोजीराव ती उलटसुलट करून बघत म्हणाले, "देवी कुठंय?"

मग हत्तीचा विचार निघाला. कंपनीचं नाव झेंडूच्या फुलांनी आणि उसाच्या कांड्यांनी भिंतीवर लिहायचं आणि हत्तीने सोंडेने त्याला हार घालायचा. एका सरदारांचा हत्ती मागून आणला. हत्ती सालस होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण उसाने नाव लिहून त्यापुढे हत्ती उभा करायचा, हे ज्याला सुचलं त्याच्याबद्दल आहे. (ते मालक आहेत म्हणून नाव घेत नाही.) हत्तीने हार खाली ठेवला आणि शेवटाकडून वाचायला सुरुवात केली. आधी "कंपनी" गेली, मग "फिल्म", मग "नवमाळव". पुढचं "श्री" तेवढं नुसत्या फुलांचं होतं, ते राहिलं. गणोजीराव म्हणाले, शुभशकुन आहे.

अशा रीतीने मार्क्याशिवायच मुहूर्ताचा दिवस उजाडला. त्या दिवशी तू इथे होतीस. परमुलखातून आलेलं यंत्र, त्याला कुणी अजून ओवाळलंसुद्धा नाही, असं म्हणत तू ताट घेऊन अंगणात आलीस, कॅमेऱ्यासमोर उभी राहिलीस आणि ओवाळू लागलीस. माझा हात हँडलवर होता, तो फिरला. का फिरला, सांगता येत नाही. नंतर दिवसभर आम्ही राजा, ऋषी आणि शाप यांची धामधूम टिपली. पण ते धुवायला घेतलं तेव्हा पाणी उन्हाने तापलेलं होतं, आणि राजा ऋषीसकट फिल्मवरून साईसारखा सुटून बादलीत पोहू लागला. तुझा तुकडा तेवढा मी आधीच, सकाळच्या गार पाण्यात धुतला होता. निरांजन, कुंकू, पदर, सगळं स्वच्छ. गणोजीरावांनी तो उजेडात धरून दोनदा पाहिला. मग हळू आवाजात (हो, त्यांना तोही आहे) म्हणाले, "नीलकंठराव, हाच आपला मार्का."

पुढे राजाचा खेळ नव्याने काढला आणि पहिल्यांदा इथेच तंबूत लावला. मागच्यांना दिसेना म्हणून ओरडाआरडा होऊन पुढच्यांनी पगड्या उतरवून मांडीवर घेतलेल्या. दिवे गेले, तबला-पेटी सुरू झाली आणि पडद्यावर तू आलीस. तू ओवाळतेस, ओठ हलवून काही बोलतेस, आणि काय सांगू, तंबूतल्या एकूण एक पुरुषाने पगडी, टोपी, फेटा, जे असेल ते डोक्यावर चढवलं! बोडक्याने कोण ओवाळून घेणार? मागून कुणी ओरडलं, "अरे भिया, पगड़ी तो उतारो!" त्यावर पुढून उत्तर आलं, "कसे उतारूँ? सामने बेन आरती लई ने ऊबी हे!" म्हणजे एका खेळात तू सगळ्या तंबूची बहीण झालीस.

तेव्हापासून हे असंच चाललं आहे. तू काय बोलतेस यावर गावोगाव वाद झाले. इथे म्हणतात बाई आशीर्वाद देतात, बदनावरला म्हणतात मंत्र पुटपुटतात. बदनावरला तर एक धान्याचा व्यापारी उठला आणि पडद्याखाली खण ठेवून परत येऊन बसला. बहिणीचं ओवाळणं फुकट घ्यायचं नसतं म्हणे. सरदारपूरला लोक घरूनच खण घेऊन आले. तुमच्या धारेत श्रीपादराव दरबारी मंडळींबरोबर आले होते. परस्त्री ओवाळते आहे म्हणून पगडी सारखी करून त्यांनी मान जी खाली घातली, ती तू पडद्यावरून जाईपर्यंत वर केली नाही. नंतर घरी येऊन तुला म्हणाले, "बाई घराण्यातली होती. ताट कसं धरावं, तिच्याकडून शिकण्यासारखं आहे." हे तूच मला कळवलंस, आणि हसण्यात फोडणी जळाली हेही.

आता कुशल नाही ते. कंपनी राजाचा खेळ बदलते, ऋषी बदलते, पण मार्का तोच. तीन वर्षं दर खेळाला फिरून तो तुकडा झिजला. मूळ निगेटिव्हला गेल्या पावसाळ्यात बुरशी लागली, म्हणून नवी प्रत निघेना; झिजलेलं कापून उरलेलं जोडत गेलो. त्यामुळे तू हल्ली उजव्या कानावरून ताट उचललंस की एकदम डाव्याच कानापाशी दिसायचीस. आणि गेल्या महिन्यात लोहारद्याला तो तुकडा यंत्रात अडकला. दिव्याच्या उष्णतेने फिल्म पेटली, ती नेमकी निरांजनापाशी! ज्योत पडद्यावर मोठी मोठी होत गेली, लोकांनी हात जोडले, कुणी शंख मागितला, आणि मग तू, ताट, सगळं गेलं. पडदा पांढरा झाला. लोहारद्याचे लोक अजून सांगतात, असा मार्का पुन्हा होणे नाही. ते खरंच आहे.

गणोजीराव म्हणाले, त्यात काय, तुकारामला उभा करा. तुकाराम म्हणजे आमची राणी. नऊवारी सुंदर नेसतो, दाढी दोनदा करतो. त्याने ओवाळलं, मी हँडल फिरवलं, सगळं यथासांग झालं. पण तंबूत एकाही पगडीने हालचाल केली नाही. तुकाराम भिंगाकडे रोखून बघत ताट असं फिरवत होता, जणू गहू पाखडतोय. बायकांसाठी लावलेल्या आडपडद्यामागून एका म्हातारीचा आवाज आला, "ही कुणाला ओवाळतेय गं? हिला भाऊ नाही वाटतं!" सगळा तंबू हसला. तुकाराम त्या रात्री जेवला नाही.

त्यानंतर तंबू अर्धे रिकामे जाऊ लागले. लोक म्हणतात, ओवाळणाऱ्या बाईंची कंपनी ती हीच का? गणोजीरावांनी निर्वाणीचं सांगितलं आहे: दिवाळीनंतर नवा खेळ धारेत लागायचा आहे, तो खऱ्या मार्क्याशिवाय लावणार नाहीत. नाहीतर कॅमेरा मुंबईला परत, ते आपल्या तेलाच्या घाण्याला परत, आणि मी श्रीपादरावांच्या कचेरीत, जी ते मला सात वेळा देऊ करून चुकले आहेत त्या कारकुनीवर. (तिथे फिरवायला हँडल नाही, अक्का.)

असो. माझी काळजी करू नकोस. हे नुसतं खुशालीचं पत्र आहे, काही मागायला लिहिलेलं नाही. गेल्या तीन दिवाळ्यांना खेळांच्या गर्दीत मला भाऊबीजेला येता आलं नाही. तू दर वेळी चंद्राला ओवाळून मला कुंकू पाठवलंस, आणि मी तुझं ओवाळणं सगळ्या माळव्याला वाटत हिंडलो. यंदा मी येणार. लोभ आहेच, तो ताटासारखाच सरळ धर.

तुझा
नीळू

ता. क. : भाऊबीज संध्याकाळी न करता सकाळी, ऊन अंगणात आल्यावर करावी. माझ्याबरोबर कॅमेरा येत आहे. पांढरं लुगडं नेसू नकोस, उन्हात चकाकतं. ते मी पाठवलेलं जांभळं नेस. ते जांभळं, आणि आजवर पाठवलेले सगळे खण, माझ्या पसंतीचे नाहीत. ते बदनावर आणि सरदारपूरच्या तुझ्या भावांचे आहेत. माझी पसंती तू पाहिलीच आहेस: तुकारामला लुगडी मीच निवडतो.

ता. क. दुसरा, श्रीपादरावांस : सा. न. वि. वि. अक्काची पत्रं आधी आपण वाचता, म्हणून इथवर आलाच असाल. ज्या घराण्यातल्या बाईंकडून ताट धरायला शिकावं असं आपण म्हणालात, त्या आपल्याकडेच आहेत. आपण मान वर केली असती तर ओळख पटली असती. पण मान खाली घातलीत, यातच आपलं घराणं दिसलं. त्यांना एकवार ओवाळू द्यावं ही विनंती. पदर डोक्यावर असतो, नाव कुठे येत नाही. आणि भर तंबूत पत्नीपुढे मान लववल्याचं दरबारात कुणाला कळणार नाही, याची हमी मी परवानगी मिळताच देतो.

ता. क. तिसरा, फक्त अक्काला : तू काय बोलत होतीस, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. हँडल फिरवताना मी कॅमेऱ्याच्या शेजारी बोडका उभा होतो. तू भिंगाकडे बघतच नव्हतीस, माझ्याकडे बघत होतीस, आणि म्हणत होतीस, "नीळ्या मेल्या, आधी टोपी घाल!" मी घातली नाही. सगळ्या माळव्याने घातली. तुकारामला तालीम देताना माझ्या लक्षात आलं, की हे कुणाला शिकवता यायचं नाही. म्हणून यंदाही तू भिंगाकडे बघू नकोस. मी तिथेच, हँडलपाशी उभा असेन, आणि टोपी घरी विसरून येणार आहे.