पोळ्यांच्या डब्यातला कॉम्प्युटर

४ एप्रिल
आजपासून रोज लिहायचं. मशीनचा इतिहास कुठेतरी नोंदलेला पाहिजे. ही वही दुसरं कोणी वाचणार नाही. माझ्या वस्तूंना हात लावायची घरात कोणाची हिंमत नाही. (मागच्या पानावर हिने, म्हणजे उषाने, किराणा सामानाची यादी लिहिली आहे. तो वेगळा विषय.)

निर्णय: जुना डेस्कटॉप बंद. लाकूड कोरायची सीएनसी मशीन दोन वर्षं त्याच्यावर चालली. चालली, पण तो टेबलाखाली बसून सारखा गुरगुरतो आणि गिऱ्हाईक मशीन सोडून त्याच्याकडेच बघतं. व्हिडिओत पाहिलं, पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर असतो, तेवढ्यावर अख्खी मशीन चालते. सांगणारा टाय लावून बोलत होता. लगेच मागवला. डेस्कटॉप दुपारीच भंगारवाल्याला देऊन टाकला. आता माघार नाही.

७ एप्रिल
नबीचाचांशी बिनसलं. चूक त्यांची.

राजूरजवळच्या एका गावात नवीन बुद्धविहार होतोय, त्याचा दरवाजा आमच्याकडे आहे. विहार समितीच्या अध्यक्ष मालनबाई, रिटायर हेडमास्तरीण. लाकूड म्हणजे त्यांच्या सासऱ्यांनी विहारासाठी म्हणून पन्नास वर्षं राखून ठेवलेलं सागवान. तेवढंच आहे, दुसरं नाही, हे बाईंनी मला तीन वेळा सांगितलं. मी काय पहिलीत आहे? १२ मेला बुद्ध पौर्णिमा, त्या दिवशी दरवाजा बसलाच पाहिजे.

फळ्या सांधून दाराचा पल्ला नबीचाचांनीच तयार केला. वडिलांच्या वेळेपासून, बावीस वर्षं ते आमच्या कारखान्यात आहेत. सांधा शोधूनही सापडत नाही, हे मान्य. आता त्यावर पिंपळाचं पान आणि खाली कमळ कोरायचं. चाचा म्हणाले, हे लाकूड पुराना हाय, रेषा आडव्यातिडव्या जाऊन राह्यल्या, मी हातानं कोरतो. मी बाईंसमोरच सांगून टाकलं, हाताचे दिवस गेले, तुम्ही आता फक्त पॉलिशपेपर घासा.

चाचा उठले. कोरायच्या पटाश्या पुसल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि निघून गेले. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

निश्चय: यापुढे चाचा म्हणायचं नाही. गुलाम नबी. बस.

१२ एप्रिल
कॉम्प्युटर आला. खरंच कॅटएवढा. सॉफ्टवेअर टाकायला अतिककडे जावं लागलं, त्याचं बसस्टँडजवळ कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. अतिक म्हणजे गुलाम नबीचा सख्खा पुतण्या. पण अख्ख्या भोकरदनमध्ये हे काम दुसऱ्या कोणाला येत नाही.

त्याने सॉफ्टवेअर टाकलं आणि वर तीन सल्ले दिले. म्हणे याला मोबाइलचा चार्जर लावू नका, याचा वेगळा येतो. म्हणे हे लई तापतं, उघडं ठेवा, पंखा लावा. आणि म्हणे मोटरला दर ठोका बराबर टायमाला भेटला पाहिजे, ह्यो एकटाच सगळी कामं करून राह्यला तर मंग ठोका चुकतो अन् नक्षी सरकते, मधे एक कंट्रोलर कार्ड बसवा.

काका तिकडे रुसून बसणार, पुतण्या इकडे सामान विकणार. घराणंच्या घराणं माझ्या मागे लागलंय.

१३ एप्रिल, सकाळी ११
हिच्या मोबाइलचा चार्जर लावला. चालू! स्क्रीनच्या कोपऱ्यात सारखी पिवळी वीज चमकते. म्हणजे करंट भरपूर मिळतोय. अतिकला फोटो पाठवला, खाली मुद्दाम काही लिहिलं नाही. उत्तर आलं, भाऊ चार्जर बदला.

जळतो माणूस.

१८ एप्रिल
भुसा. कारखाना म्हटलं की भुसा उडणारच, आणि हा म्हणतो कॉम्प्युटर उघडा ठेवा. ज्याने आयुष्यात रंधा धरला नाही त्याने मला भुसा शिकवावा! उपाय मीच काढला. हिचा पोळ्यांचा स्टीलचा डबा. घट्ट झाकण, तळाला वायरींपुरतं भोक. आत कण जात नाही.

उषा म्हणाली, पत्र्याच्या शेडमधी बेचाळीस डिग्री हाय, डब्यात पोळीसुद्धा घामेजून जाती, ते यंतर कसं राहील. पोळी आणि कॉम्प्युटर यांतला फरक समजावण्यात माझी सकाळ गेली. दुपारी ताटात गार पोळ्या, त्याही वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. सूड.

२२ एप्रिल
ट्रायल. प्लायवर कमळ. सुरू करताच स्क्रीनवर इंग्रजी मेसेज आला, रिअल टाइममध्ये डिले होतोय म्हणून. ओके दाबलं. परत आला नाही. म्हणजे दुरुस्त झालं.

कमळ थोडं कलंडलं. प्लायच भिकार, हल्ली चांगलं मिळतं काय? गुलाम नबी प्रत्येक कामाआधी टाकाऊ तुकड्यावर पूर्ण नक्षी कोरून बघायचे, दोन-दोन दिवस. कामाला उशीर लावायची जुनी खोड. मी पाव कमळावर ट्रायल बंद केली.

२७ एप्रिल
मालनबाई न सांगता हजर. ट्रायलचं कमळ हातात घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, हे वाकडं दिसतंय. मी म्हटलं, तुम्ही कुठून बघता त्यावर आहे. मग म्हणाल्या, नबीभाईंना मी बोलवू का, माझा शब्द ते मोडणार नाहीत. मी ठणकावलं, दरवाजा या मशीनवरच कोरला जाईल, नाहीतर कारखान्याला कुलूप लावीन. बाई नुसतं बरं म्हणाल्या. शाळेत यांनी किती पोरांना रडवलं असेल!

३ मे, सकाळी ११:३०
पल्ला मशीनवर चढवला. फाइलमध्ये ऐनवेळी एक छोटी भर घातली. अगदी खाली, “संपत सीएनसी आर्ट, भोकरदन” आणि माझा मोबाइल नंबर. बाईंना विचारलं नाही. कलाकार सही विचारून करतो का?

१२:१०
नाव झालं, नंबर झाला. अक्षरं काय आलीत! नुसतं बोट फिरवत बसावं. गुलाम नबींनी यावं आणि बघावं.

१:०५
कमळ निम्मं. पिवळ्या विजेशेजारी आता लाल थर्मामीटरसुद्धा आलं. हवामान दाखवतोय! डेस्कटॉपने दोन वर्षांत एकदाही दाखवलं नव्हतं. जेवून येतो.

२:२०
जेवून आलो. पान

संध्याकाळी ६
दुपारी लिहिता आलं नाही.

कमळाच्या वरच्या पाकळ्या खालच्यांवरून सरकल्या आहेत. पानाचा देठ डावीकडे, पान उजवीकडे, मधे चार बोटांचं अंतर. पानाचं टोक दरवाज्याच्या कडेवरून बाहेर गेलं आहे. सगळं अर्धा इंच खोल. स्क्रीन काळी. डबा उघडायला गेलो तर हाताला चटका बसला.

चूक अतिकची, सॉफ्टवेअर त्याने टाकलं. चूक लाकडाची, पन्नास वर्षं पडून राहिलं की स्वभाव कुजका होतोच. चूक टायवाल्याची. चूक हिची, इतक्या पातळ पत्र्याचा डबा कोणी घेतं का!

५ मे
पल्ल्यावर ताडपत्री टाकली. बाईंचे तीन फोन, मी उचलले नाहीत. चौथा उषाने उचलला आणि सगळं सांगून टाकलं. म्हणाली, मला खोटं बोलता येत न्हाई. इतकी वर्षं संसार केला आणि हे आज कळलं.

६ मे
बाई आल्या. स्वतःच ताडपत्री बाजूला केली. ओरडतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, सासरे खाटेवरून उठू शकत न्हवते, तरी पाऊस आला की मला पाठवायचे, लाकडावर गळून तर न्हाई राह्यलं, बघून ये म्हणून. एवढंच बोलल्या आणि टेम्पो बोलावला. पल्ला नबीभाईंच्या घरी न्यायला सांगितला.

मला लाज वाटली. कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

टेम्पो गेल्यावर मी उषाला म्हटलं, ते हात लावणार नाहीत, मोठे मानी आहेत.

९ मे
हात लावला. अतिककडून कळलं, काकांनी पल्ला उलटा केला आणि मागची कोरी बाजू हाताने कोरायला घेतली, सकाळपासून दिवे लागेपर्यंत बसून आहेत. उलटा करायचं मलाही सुचलं होतं. बोलायचं राहून गेलं.

निरोप पाठवला, माझ्या बाजूचं निदान नाव तरी रंध्याने काढा. उलट निरोप आला, रंधा मारला तर पल्ला पातळ होऊन वाकंल, राहू द्या. बाईंना फोन करून म्हटलं, मग पुट्टी भरा. बाई म्हणाल्या, मी कशाला बुजवू, तुम्ही हौसेनं घातलंय.

ठरवलं, १२ तारखेला जायचं नाही. तब्येत बरी नाही असं कळवायचं.

१२ मे, संध्याकाळी ७
गेलो. उषाने नेलं.

दरवाजा बाहेरून बघितला. पिंपळाचं पान असं की वारं आलं तर हलेल. लाकडाच्या आडव्यातिडव्या रेषाच त्या माणसाने पानाच्या शिरा करून टाकल्या. लोक फोटो काढत होते. मी खोट काढायला म्हणून अगदी जवळ गेलो आणि नुसताच उभा राहिलो.

आत सगळे मूर्तीकडे तोंड करून बसले, दरवाजा पाठीमागे. सुटलो असं वाटलं. तेवढ्यात वावटळ सुटली, धूळ नको म्हणून कोणीतरी दार लावून घेतलं. वंदना झाली, अख्खं गाव उठून वळलं. समोर दाराच्या आतल्या बाजूला माझं तुटकं पान आणि त्याखाली ठसठशीत अक्षरांत माझं नाव आणि नंबर. एक म्हातारी ते मोठ्याने वाचत होती, आकडान् आकडा.

चाचा कोपऱ्यात उभे होते. माझ्याकडे बघून मान हलवली. हसले असते तर बरं झालं असतं.

१३ मे
सकाळपासून सात फोन. सगळ्यांना एकच पाहिजे, दरवाज्याच्या भायेरचं काम ज्यानं केलं त्याचा नंबर द्या, आतमधी तुमचाच लिहेल व्हता म्हणून तुम्हाला लावला. पहिल्या तिघांना राँग नंबर म्हणून सांगितलं. चौथ्यापासून देत गेलो. आता चाचांचा नंबर तोंडपाठ झाला आहे.

शेवटचा जालन्याहून होता. नंबर लिहून घेतला आणि विचारलं, तुम्ही त्यांच्याकडं पॉलिशपेपर घासायच्या कामाला हाय का.

मी म्हणालो, अजून त्यांना विचारलं नाही.