खोगिराखालचा हात

आप्पा, तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. आज शुक्रवार, इथली सुट्टी. आखातातल्या या फहाहीलच्या घरात सकाळपासून एसी घुमतोय, लेक तिच्या खोलीत आहे, आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसलोय. बसलोय खरा, पण तुमच्यासमोर हजेरीला उभं असल्यासारखं वाटतंय.

मला तुमचा हात आठवतो. मी सहा-सात वर्षांचा असेन. रिसाल्याच्या तबेल्यात तुम्ही मला दाण्याच्या पिंपावर बसवलंय. कवायतीहून घोडे परत येतात, खोगिरं उतरतात, आणि तुम्ही ओळीने प्रत्येकाच्या घामेजल्या पाठीवरून तळहात फिरवत जाता, डोळे भलतीकडेच. एका घोडीची कातडी तुमच्या बोटांखाली थरथरली तसे थांबलात. खोगिराखाली रुपयाएवढी सूज होती. तिच्या स्वाराने वहीत 'सर्व ठीक' लिहिलं होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "हात लावला होतास?" त्याची मान खाली गेली. पुढचे आठ दिवस तो घोडीचा लगाम धरून पायी चालला.

मग घोडदळ सुटलं आणि तुम्ही त्या छोट्या गावच्या नगरपालिकेचे मुख्याधिकारी झालात. मिशा त्याच, बूट तेच, घोडा जाऊन सायकल आली. पहिल्याच आठवड्यात सफाई कामगारांना पालिकेच्या अंगणात उभं करून सदरे काढायला लावलेत आणि टोपल्यांनी सोललेले त्यांचे खांदे एकेक करून चाचपलेत. हेडक्लार्क कळवळून म्हणाले, "साहेब, माणसं आहेत ही, घोडे नव्हेत!" तुम्ही म्हणालात, "घोड्यांचं इतकं बघितलं, मग माणसांचं नको बघायला?" गावाने तुमचं नाव घोडेसाहेब पाडलं. शाळेत पोरं मला बघून खिंकाळायची. मला तुमची लाज वाटायची, आप्पा, खूप वाटायची. त्या खांद्यांसाठी तुम्ही आईकडून जुन्या रजयांच्या गाद्या शिवून घेतल्या होत्यात, त्याचं कौतुक मला आत्ता कुठे वाटतंय.

तो प्रश्न एकदा मलाही विचारलात. "आईला ताप आहे का बघून ये," म्हणालात. मी स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारलं, तिने भाकरी थापता थापता "छे रे" म्हटलं, आणि मी येऊन तेच सांगितलं. "हात लावलास?" तुम्ही ओरडला नाहीत. स्वतः उठलात, तवा उतरवलात, आणि तापाने फणफणलेल्या तिला नेऊन निजवलंत.

आता मी काय करतो ते सांगतो. वफ्र्याला हरितगृहांत काकड्या-टोमॅटो पिकवणाऱ्या एका कंपनीचा कारभार बघतो. माणसं मला मुदीर म्हणतात, म्हणजे साहेबच. शेत तासाभरावर, मी इथे गारव्यात. दर महिन्याला कामगारांच्या तब्येतीची यादी कॉम्प्युटरवर येते, प्रत्येक नावापुढे 'ठीक', आणि मी खाली सही करतो.

मे महिन्यात मराठवाड्याकडचा एक माणूस बताक्याच्या, म्हणजे इथल्या ओळखपत्राच्या कामाला ऑफिसात आला. पन्नाशीचा, पाठीवर पंप बांधून फवारणी करणारा. मराठी ऐकून खुलला, गावच्या गोष्टी सांगत बसला. वीस मिनिटं खुर्चीच्या कडेवर होता, पाठ काही टेकली नाही. मी म्हटलं, "अहो, आरामात बसा की." "न्हाई साहेब, असंच बरं हाय." चहा घ्यायला वाकला तेव्हा शर्ट पाठीला घासला आणि तो शहारला, अगदी त्या घोडीसारखा. मला दिसलं, आप्पा. बाहेर आणखी चौघं थांबले होते. मी त्याच्या कागदावर शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं.

सहा आठवड्यांनी तो गेला. पंपाच्या पट्ट्याखाली जखम, वरून झिरपणारं औषध, त्यात साखरेचा आजार. विष रक्तात भिनलं. सुपरवायझर रडत म्हणाला, "साब, उसने किसी को बताया ही नहीं।" पेटी विमानात चढवायचे सगळे कागद मी केले, कागदांत मी हुशार आहे. त्याच्या बायकोने फोनवर विचारलं, "लई दुखत हुतं का वो त्यांना? कुनालाच कसं कळलं न्हाई?" मी म्हणालो, "नाही हो ताई, कुणालाच काही कळलं नाही." लेक मला समजावते, "बाबा, यू कुडंट हॅव नोन." मी मान डोलावतो.

मागच्या आठवड्यात वफ्र्याला गेलो. फवारणीवाल्यांना रांगेत उभं केलं आणि शर्ट काढायला सांगितलं. ते एकमेकांकडे बघून हसले, मग काढले. सतरा पाठींवरून हात फिरवला, दोघांना दवाखान्यात पाठवलं. तुम्ही शाबासकी दिली असतीत असं वाटून घ्यायचा प्रयत्न केला, जमला नाही. परतताना गाडीत हाताला औषधाचा वास येत होता आणि मी एकटाच रडत होतो.

हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. पण एक कबूल करतो. हे तुम्हाला लिहायचं नव्हतंच. फोनवरच्या त्या बाईचा पत्ता माझ्याकडे आहे, फायलीत, पिनकोडसकट. तुमचा नाही. म्हणून तुम्हाला लिहिलं.