बाकावरचा कॅप्टन

शनिवार संध्याकाळ, अल नहदा, २००९

डोकं फिरलंय! सट्ट्याच्या वेबसाइट इथे आखातात उघडत नाहीत, म्हणून लंडनच्या भाच्याला फोन करून भाव विचारले. पैसे लावायला नाही, फॅन्टसी फुटबॉलची टीम निवडायला. आज गोल मारेल म्हणून बुकींचा सगळ्यात जास्त भरवसा ज्याच्यावर, त्यालाच कॅप्टन केला, कॅप्टनचे गुण दुप्पट मिळतात ना. आणि कोचने त्याला उतरवलाच नाही! मॅचभर बाकावर.

सीमा म्हणाली, "अहो, खेळच आहे तो. यल्ला, जेवायला चला."

जेवलो. पण तो डोळ्यांसमोरून हलेना. बुटाच्या नाड्या बांधून, तयार बसलेला.

उद्या रविवार, इथे आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे ऑफिस. मंदीत आमच्या कंपनीच्या टॉवरचं काम थांबल्यापासून मला कुणी एकही ड्रॉइंग दिलेलं नाही. सीमाला कसं सांगू? तिने शर्टाला कडक इस्त्री करून ठेवलीय.