बुधवारचा ग्रिल

ता. १४, गुरुवार, सकाळ

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. तीन वर्षांनी आईचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. इकडे दोघंही धडधाकट आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, बाबांचं पोट सुटलंय. पत्र तुझ्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरचा पत्ता तू दिला नाहीस, मीही मागितला नाही.

लिहायचं कारण बाबा. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी विजेचा ग्रिल आणला. आपला ओटा तुला ठाऊकच आहे; दोन ताटं मांडली की तिसरं हातात धरावं लागतं. त्यावर हे धूड! मी विचारलं, "हे कशाला?" तर म्हणाले, "तेल कमी लागतं. तब्येतीला बरं." चाळीस वर्षांत ज्या माणसाने स्वतःचा चहा केला नाही, त्याला अचानक तब्येत आठवली. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

दर बुधवारी दोन ते पाच मी वाचनालयात पुस्तकं लावायला जाते. परत येते तो ग्रिल लखलखीत. प्लेट पुसलेली, खालचा तेलाचा ट्रे धुतलेला, वायर गुंडाळलेली. बाकीचे सहा दिवस हेच गृहस्थ खाल्लेली बशी जागच्या जागी सोडतात. खिडक्या सताड उघड्या, तरी पडद्यांना भाजलेल्या मक्याचा वास. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली आहेत मी. न सांगता परीक्षानळ्या धुणाऱ्या विद्यार्थ्याने काहीतरी फोडलेलं असतं.

मग बटाटे मोजून ठेवले. तीन कमी झाले. तेवढे एकटा माणूस खाईलही. पण कचऱ्यात पावाच्या कडा सापडल्या, आणि बाबा तर कडा आवडीने खातात.

"शेजारच्या शिवणवाल्या बाई हल्ली तुमच्याशी फार हसतात," मी सहज म्हटलं.

त्यांना ठसकाच लागला. "अगं, त्यांचे दातच पुढे आहेत. त्या विजेच्या खांबाशीही हसतात!"

काल मी चारलाच परतले. जिन्यात उभी राहिले. आत ग्रिलचं झाकण आपटलं आणि बाबा ओरडले, "लक्ष कुठंय तुझं? करपलं की!" त्यावर कुणीतरी हसलं. आधी दोनदा नाकातून, मग खो खो. त्या हसण्यावरून तुला लहानपणी किती रागावले असेन मी.

किल्ली हातात होती. लावली नाही. खाली उतरले आणि औषधाच्या दुकानासमोरच्या बाकावर पाचपर्यंत बसून राहिले. दारात उभी राहून म्हणणार काय होते?

शेवटचं काय म्हटलं होतं, ते आपल्या दोघींनाही पाठ आहे. नवरा हात उचलतो असं तू सांगत होतीस आणि मी विचारलं, "पुरावा काय?" तू बाही वर केलीस. मी म्हटलं, "दार लागूनही असं होतं. सकाळी परत जा." तू गेलीस, पण त्याच्याकडे नाही. बाबांना वाटतं, आपलं दागिन्यांवरून बिनसलं. तूही त्यांना खरं सांगितलेलं दिसत नाही. सांगितलं असतंस तर ते माझ्याशी इतकं गोड बोलले नसते.

त्या दिवशी मी तुझा दंड नीट पाहिला होता. तो दाराचा वळ नव्हता. बोटं होती, चार. मला कळलं होतं, ठके. मुलगी परत आली म्हणून लोक काय म्हणतील, याची मला भीती वाटली. आणि त्या भीतीपायी तुलाच खोटं पाडलं.

हे पत्र बाबांना दाखवू नकोस. बायकोला फसवल्याचा त्यांना भारी आनंद झालाय. हल्ली दाढी करताना शीळ घालतात.

येत्या बुधवारी मी दोनला निघेन आणि चारला परत येईन. किल्ली लावणार नाही, बेल वाजवेन. मला भेटायचं नसेल तर त्याआधी निघून जा. मी बाबांना एका शब्दाने विचारणार नाही, आणि त्यापुढे दर बुधवारी बरोब्बर पाचला घरी येत जाईन. तुमचे तीन तास तुमचे.

थांबलीस, तर दार तू उघड.

तुझी चुकलेली,
आई