दुधाची डिग्री अन् माझी बाटली

४ फेब्रु., सोम.
आज परत तेच. मधल्या सुट्टीत वर्गातल्या शीतलनं माझी पाण्याची बाटली घेतली, त्यात पेन बुडवला अन् ओरडली, "डिग्री किती लागली गं?" पोरी खिदळल्या. मग बाटली खिडकीतून बाहेर ओतली. शाळेची टाकी महिन्यापासून कोरडी हाय. घरून आणलं तेवढंच पाणी. शाळा सुटेपर्यंत तशीच बसले. मेली कुठली!

५ फेब्रु., मंगळ.
सगळं माझ्या बापाच्या, अप्पाच्या तोंडामुळं. गावच्या दूध सोसायटीत डिग्रीची काचनळी बुडवून दुधातलं पाणी पकडायचं काम अप्पाचं. शीतलच्या घरचं पातळ निघालं, तर गपचूप परत करायचं ना! न्हाई. भर रांगेत म्हणाले, "प्यायला टँकर लागतो, अन् दुधात घालायला बरं पाणी हाय तुमच्याकडं!" अख्खी रांग हसली. शीतलचा बाप सोसायटीचा चेअरमन. अप्पा बोलून मोकळे, भोगायलेय मी.

८ फेब्रु., शुक्र.
वर्गाच्या मॅडमना सांगितलं. "अगं, मस्करी असंल. लक्ष देऊ नको." लक्ष दिल्यानं तहान लागते व्हय? मॅडमची बाटली कुणी ओतत न्हाई.

११ फेब्रु., सोम.
सकाळी उठलं की भाकर जात न्हाई. केस लई गळायलेत. कधी वाटतं शीतलचं डोकं फोडावं. कधी वाटतं, सकाळी उठूच नये आपण. आईला सांगितलं तर रडंल. नकोच.

१३ फेब्रु., बुध.
प्रार्थनेला चक्कर येऊन पडले. शिपाईमामांनी घरी सोडलं. आई : "कावून सांगितलं न्हाईस गं आधी?" मग भडाभडा बोलले. उठूच नये वाटतं, तेबी. आईनं घट्ट धरून ठेवलं. अप्पा उंबऱ्यात बसून सगळं ऐकत होते.

१५ फेब्रु., शुक्र.
शीतलनं तिची भरलेली बाटली माझ्यापुढं केली. "घे, पी. तुझ्या अप्पानं आज आमचं दूध डिग्री न लावताच घेतलं."
अख्खा वर्ग बघत होता.
मी प्याले. गटागटा. सकाळपासून घोटभर न्हवतं पोटात. स्वतःचाच एवढा राग कधी आला न्हवता.

१८ फेब्रु., सोम.
आता कुणी काही करत न्हाई. शीतल शेजारी बसवून घेते. भाकर तरीबी जात न्हाई. अप्पाला विचारलं, "कावून घेतलं ते दूध?" तर म्हणे, "तू गुमान शाळेत जा." माझ्यासाठी केलं म्हणे. मी सांगितलं होतं व्हय असं करा म्हणून?

२० फेब्रु., बुध.
आज अप्पानं मंगलच्या आईचं दूध परत केलं. पातळ होतं, खोटं न्हाई. पण परत कुणाचं करायचं अन् कुणाचं न्हाई, ते आता ठरलंय. मंगल माझ्याच वर्गात. सुट्टीत शीतलनं तिची बाटली हिसकली अन् माझ्या हातात दिली. "आज तू ओत." मंगल माझ्याकडं बघत होती. मी ओतली न्हाई. परतबी दिली न्हाई. घंटा झाली, मॅडम आल्या, बाटली माझ्याच दप्तरात राहिली. मंगल दिवसभर बिनपाण्याची बसली. म्हणजे मी ओतल्यासारखंच झालं की.

२१ फेब्रु., गुरु.
मंगल आली न्हाई. शाळा सुटल्यावर बाटली द्यायला तिच्या घरी गेलते. तिच्या आईनं दार अर्धंच उघडलं. "परत आमच्या दारात पाय ठेवू नको." बाटली घेतली न्हाई.
उद्या सकाळी सोसायटीत जाणार. शीतलचा बाप रांगेत असंल तेव्हाच अप्पाला म्हणणार, यांच्याबी दुधाला डिग्री लावा. सगळ्यांदेखत. मग शाळेत परत माझीच पाळी, ठाऊक हाय.
म्हणणार म्हणतेय खरी. पण आत्ताच दोनदा खोडलं. ही ओळसुद्धा धड लिहिता येईना.