वाटूरची तक्रार वही परत खिडकीला बांधण्याबाबत

प्रति,
मा. आगार व्यवस्थापक,
राज्य परिवहन आगार, जि. जालना

विषय: बसस्थानकावरील तक्रार वही बारावीच्या परीक्षेपूर्वी परत मिळणेबाबत.
संदर्भ: आपले दि. ६ जानेवारी २०२६ चे पत्र.

महोदय,

वाटूरचे वाहतूक नियंत्रक बद्रीनाथ शेजूळ हे माझे वडील. प्रवाशांच्या वहीत अकरावी-बारावीच्या मुलांच्या, गाड्यांशी संबंध नसलेल्या तक्रारी का घेतल्या, याचा खुलासा करून वही जमा करावी, असे आपण त्यांना कळवले होते. पत्र पोचण्याच्या तीन दिवस आधी ते वारले. सबब खुलासा मी करत आहे.

१) तीन वर्षांत गाड्यांबद्दल चार तक्रारी आहेत. पैकी तीन वडिलांनीच लिहिल्या आहेत. बाकी सर्व मुलांच्या. 'गाडी क्रमांक' या रकान्यात मुलांनी प्रामाणिकपणे 'लागू नाही' लिहिले आहे.

२) अंगदची तक्रार: "घरी रोज म्हणतात, मावसभाऊ पार्थकडं बघ." वडिलांचा शेरा: "पार्थकडे बघितले. तो परवा इथेच रडत बसला होता. दोघांची गाठ घालून दिली."

३) साक्षीची: "बारावी लागल्यापासून टीव्ही बंद. घरात सगळे हळू बोलून राह्यले. जीव घाबरतो." शेरा: "तक्रार रास्त आहे. बसा. पुढची गाडी सव्वापाचची." खाली दुसऱ्या शाईने: "वडिलांना फोन केला. टीव्ही चालू."

४) एकाने नाव लिहिलेले नाही: "झोप न्हाई. नापास झालो तर तोंड कुठं दाखवू?" शेरा: "इथे दाखवावे. सकाळी आठ ते सायंकाळी सहा." त्याला त्यांनी एकटे पाठवले नाही. घरापर्यंत गेले, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडेही. तो आता बरा आहे, हे त्यानेच लिहिले आहे.

वडील दहावी शिकलेले. उपदेश त्यांना येत नसे. गाडी येईपर्यंत ऐकत.

पुढच्या आठवड्यात बारावीचा पहिला पेपर आहे. त्याआधी वही खिडकीला सुतळीने परत बांधावी, ही विनंती. गाड्यांच्या तक्रारींसाठी वेगळी वही मी आणून देते.

शेरे कोण लिहिणार, असे आपण विचाराल. मलाही तोच प्रश्न होता. वही न्यायला गेले, तेव्हा मीही एक नोंद केली: "वडील गेल्यापासून घरात सगळे हळू बोलतात." चहा घेऊन परत येईतो खाली साक्षीच्या अक्षरात शेरा पडला होता: "तक्रार रास्त आहे. ताई, बसा. पुढची गाडी सव्वापाचची."

मी बसले. सव्वापाचची सोडून सहाच्या गाडीने घरी गेले.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
शीतल बद्रीनाथ शेजूळ
ता. परतूर, जि. जालना
दि. २ फेब्रुवारी २०२६

सोबत: मूळ वही (वाचून परत द्यावी. शेवटची चार पाने कोरी आहेत. आपणासही काही लिहायचे असल्यास हरकत नाही.)